राक्षस मेल्यावर घ्यायचा श्वास

वाटीवरचं झाकण घसरलं आणि ओट्यावर फिरत राहिलं. आधी सावकाश, मोठ्यानं. मग खाली खाली बसत, घाईघाईनं. आणि मग एकदम गप्प.

त्याआधी घरात इतकी शांतता होती, की फ्रिजचं पोट गुरगुरलेलं ऐकू येत होतं. मी त्या फ्रिजसमोरच उभी होते. गुडघे बाहेर वळवून अर्धी बसलेली, उजव्या मुठीत नसलेला त्रिशूळ, आणि फ्रिजच्या दाराकडे असे डोळे वटारलेले, की जसं काही त्यानं माझं सात जन्मांचं वाईट केलं होतं. भर दुपारी, कामावरून सुट्टी घेऊन.

झाकण थांबलं आणि आतल्या खोलीतून हाक आली, "आई."

म्हणजे इतका वेळ थोपटलं त्यावर पाणी. मी वळले तर ठमी दारात उभी. केस एका बाजूला चपटे, दुसऱ्या बाजूला उभे, उशी काखेत. आमच्या लेकीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण बोलायला लागल्यापासून ती घरातल्या सगळ्यांना कामं सांगत फिरते, म्हणून सासूबाईंनी तिची ठमी केली आणि आता ती खऱ्या नावाला ओ देत नाही.

राग चेहऱ्यावर चढवायला वेळ लागतो, तसा उतरायलाही लागतो. मी वळले तेव्हा तो तसाच होता. मला वाटलं आता ही भोकाड पसरणार. तिनं मला नीट न्याहाळलं, डोळ्यांपासून पायांपर्यंत, आणि झोपाळ्यावर बसल्यावर सांगते तसं सांगितलं, "परत कर."

मी परत केलं. ती हसली. तिच्या हसण्यानं मी हसले, आणि देवी गेली.

येत्या रविवारी बाई ठरवणार होत्या, नाचातलं देवीचं पद मी करायचं की काडीनं.

बाई म्हणजे माझ्या नृत्याच्या गुरू. दुधाचे दात पडायच्या वयापासून मी त्यांच्याकडे शिकले. ठमी पोटात राहिली तेव्हा घुंगरू काढले, ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले आणि तिथंच राहिले. मग मध्यंतरी एकदम बाईंचा फोन आला. बाईंना फोनवर गप्पा मारता येत नाहीत, त्या हुकूम देतात. त्यांच्या वर्गाचा मोठा कार्यक्रम होणार होता, सगळा स्त्रीशक्तीवर, नावच 'शक्ती', आणि शेवटी देवीचं पद. "तू येऊन बघ," म्हणाल्या. "जमलं तर तू कर. नाहीतर काडी आहेच."

काडी म्हणजे सध्याची बाईंची लाडकी शिष्या. कॉलेजात जाते, अंगावर मांस नावाला नाही आणि उडी मारली की खाली यायचं विसरते. मुलगी गुणी आहे. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नाही, हाच त्रास.

पद तसं सरळ आहे. पहिल्या भागात देवी राक्षसाला मारते. दुसऱ्या भागात तीच देवी सगळ्या जगाला तान्ह्या बाळासारखं उचलून घेते. मध्ये एक श्वास आहे, एवढंच. त्या एका श्वासात राग उतरवायचा आणि माया आणायची. बाई म्हणतात, पाटी पुसायची, तीही ओल्या फडक्यानं. आधीचं अर्धं अक्षरसुद्धा मागे दिसता कामा नये.

हेच पद मी काडीच्या वयाची असताना केलं होतं. तेव्हा बाळ म्हणजे काय, तर शेजारच्या घरात रडायचं ते. तरीही मी रिकाम्या हातांत ते घेतलं, हनुवटीनं त्याच्या टाळूला स्पर्श केला, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर, रुमाल, जे असेल ते डोळ्यांना लावलं. बाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. बाई बोलल्या नाहीत म्हणजे उत्तम.

म्हणून मला वाटलं होतं, रागाचं काय होईल सांगता येत नाही, दम टिकेल की नाही सांगता येत नाही, पण माया? मायेची काय चिंता. तिच्यातच तर सकाळपासून बुडालेली असते.

झालं उलटंच.

वर्गाची खोली अजून तशीच आहे. एका गॅरेजच्या वर, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, खिडकीच्या कठड्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. खाली कुणी गाडीचा पत्रा ठोकायला लागलं की बाई आपल्या काठीचा ताल थोडा वाढवतात, त्याला दबून राहत नाहीत. पहिल्या दिवशी मी राक्षस मारला आणि मलाच भीती वाटली, इतका तो सहज मेला. बाईंची मान हलली. मग श्वास घेतला, पाटी पुसली, वाकले, बाळ उचललं, हनुवटी टेकवली. आणि ठोकळ्यावरची काठी थांबली.

"खोटं," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा थांबली. हात बरोबर होते, मान बरोबर होती, नजर पडायची तिथंच पडत होती. बाईंनी स्वतः उठून करून दाखवलं. बाईंना मूलबाळ नाही. पांढऱ्या केसांच्या, सुजलेल्या गुडघ्यांच्या त्या बाईंनी हवेतून एक बाळ उचललं आणि मला शपथेवर सांगता येईल, की ते ओलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बाळ दाखवतेस मला. घेत नाहीस."

मी घरी जाताना रस्त्यात, पुलाखालच्या सिग्नलला उभी राहून विचार करत होते. रोज खरं बाळ घेते मी. खांद्यावर, कमरेवर, एका हातात ते आणि दुसऱ्या हातात पिशवी. आणि खोटं?

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. कुठलीही गोष्ट सांगितली की आधी ती कुठे अडकली असेल ते बघतो. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "तू थकलेली असशील." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "नाही, पण शक्ती आहे गं तुझ्यात. रोज सकाळी बघतो ना मी." हे त्यानं मनापासून म्हटलं, त्यामुळे भांडताही येईना. मला शक्ती नको होती. मला झोप हवी होती, आणि झोप झाली की ते पद हवं होतं.

किती हवं होतं ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं. ठमी झाल्यापासून माझ्या अंगावर सगळी वर्दळ असते. कुणी चढतं, कुणी ओढतं, कुणी डोकं टेकून झोपी जातं, कुणी झोपता झोपता पाय घालतं. ते मला आवडतं, आवडत नाही असं नाही. पण पहिल्या दिवशी त्या लाकडी जमिनीवर पाय आपटला, तेव्हा टाचेपासून कवटीपर्यंत काहीतरी सरसरत गेलं आणि मला वाटलं, अरेच्चा, ही नाचणारी इथेच होती होय. इतके दिवस कुणी हिला विचारलंही नाही. रविवारी काडीची निवड झाली असती, तर बाईंनी मला पुन्हा बोलावलं नसतं, आणि मी आपणहून पुन्हा गेले नसते. मी स्वतःला ओळखते.

सासूबाईंचा सल्ला वेगळा होता. त्या म्हणाल्या, राक्षसाला मारताना तुझं तोंड फार वाकडं होतं, देवी झाली म्हणून काय झालं, चारचौघांत जायचंय. मी म्हटलं, देवी रागावलेली असते, तिथं गोड कसं दिसायचं. तर म्हणतात, "हात आठ असू देत, तोंड एकच आहे ना? मग तेवढं सांभाळावं."

मी चष्म्यांच्या दुकानात काम करते. दिवसभर माणसांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसायचं, त्यांच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागे तिची दांडी नीट बसतेय का बघायचं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. चेहरे बघणं हा माझा धंदाच. त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर माया शोधत बसले. एक आई आपल्या मुलीला पहिला चष्मा घ्यायला घेऊन आली होती. मुलगी रडत होती, चष्मा नको म्हणून. आईनं तिच्या डोळ्यांवर फ्रेम बसवली आणि तिच्याकडे बघितलं. मी त्या बघण्याकडे टक लावून बघितलं. त्यात माया होती की नाही मला कळलं नाही. त्यात दुकान बंद व्हायच्या आत निघायचंय हे होतं, फ्रेम महाग आहे हे होतं, आपलेच डोळे हिला मिळाले हे होतं, आणि भूक होती. हे सगळं एका बाळावर टाकून रंगमंचावर दाखवायचं कसं?

त्याच दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं, म्हणून मी छोट्या आरशात देवीचे डोळे करून बघत होते. मागून एक आजोबा आत आले, त्यांनी आरशात मला पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. मालकांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, चुकून आले होते. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक राक्षस नसतं गं, उधारी मागितल्याशिवाय." त्यांना वाटलं हा मोठा विनोद झाला, आणि मला हसावं लागलं. ते हसणं मात्र आरशात अगदी खरं दिसलं. मग मी पुरतीच गोंधळले.

घरी मी दुसरा उपाय करून पाहिला. ठमीला झोपवताना कपाटाच्या आरशात तिरक्या नजरेनं स्वतःला बघायचं. मान किती झुकते, खांदा कुठे जातो, ओठांचं काय होतं. दोन दिवस मी असं केलं. आरशातली बाई मूल झोपवणाऱ्या बाईचा अभिनय करत होती आणि तोही वाईट. तिसऱ्या दिवशी ठमीनं माझी हनुवटी आपल्या चिमुकल्या पंजात धरली आणि आपल्याकडे वळवली. "इकडे बघ," म्हणाली. मी इकडे बघितलं. मग कसं बघितलं ते मला कोण सांगणार?

आणि मग शनिवारची सकाळ.

मी आंघोळीहून आले तर ठमीनं शाम्पूची बाटली बाहेरच्या खोलीत आणून उपडी केली होती. सगळी. फरशीवर तळं, तळ्यात तिचे दोन्ही पाय, आणि ती घसरत घसरत टेबलाच्या कोपऱ्याच्या अगदी जवळ. मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले, की माझा आवाज मला अनोळखी वाटला. पण अंगाला इतक्या वर्षांची सवय. राग आला तो सरळ पायांत उतरला. गुडघे वळले, कंबर बसली, हात वर गेला, बोटं त्रिशूळ झाली. हे मी केलं नाही, ते झालं.

नवरा बूट घालता घालता थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवायला लागला. "वा," म्हणाला, "आज जमलं बघ."

ठमी शाम्पूत उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "परत कर."

मी त्यांना सांगायला गेले, की हे नाटक नाहीये, मी खरंच रागावले आहे, तू पडली असतीस, डोकं फुटलं असतं. पण हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचा कसा तेच सुचेना. खाली घेतला असता तर नाच संपला असता, नसता घेतला तर राग खोटा ठरला असता. मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन थोडी रडले, आणि नळ सोडून ठेवला म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली. नवऱ्यानं फरशी पुसली. शाम्पू पुसायला किती पाणी लागतं आणि किती फेस होतो हे ज्यानं पुसलंय त्यालाच माहीत. तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा ठमीनं टाळ्या वाजवल्या.

रविवारी ठमीला तो सांभाळणार होता. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. मी घुंगरू पिशवीत टाकले, दाराशी गेले आणि त्याचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. अडकलेल्या माणसांना काय सांगणार, थांबा, माझ्या बायकोची देवी आहे?

तर ठमीला घेऊन गेले. वाटेत तिला बजावलं, तिथं बोलायचं नाही, उठायचं नाही, बाई रागावतात. "खऱ्या रागावतात?" तिनं विचारलं. म्हटलं, हो, खऱ्या.

बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि बोटानं कोपऱ्यातली सतरंजी दाखवली. ठमी मुकाट्यानं जाऊन बसली. मला आयुष्यात कधी असं जमलेलं नाही.

आधी काडीनं केलं. काय सांगू. तिचा राक्षस मेला तेव्हा तो कुठे पडला, किती मोठा होता, त्याचा हात कुठे गेला, सगळं दिसलं. मग तिनं श्वास घेतला आणि चेहरा असा स्वच्छ झाला, जशी पहाटेची रिकामी गल्ली. बाळ उचललं, तेही सुंदर. एक चूक नव्हती. बाई काही बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, झालं तर मग, उगाच घुंगरू बांधले.

तरी उभी राहिले. काठी पडली, पाय पडला, खालच्या गॅरेजमधून पत्र्याचा आवाज यायला लागला आणि बाईंनी ताल वाढवला. मी राक्षसाला शोधलं, बोलावलं, हिणवलं. तो आला. मी त्याला चहूबाजूंनी घेरलं, आणि शेवटचा वार करायला हात वर उचलला, तेव्हा मला ठमी दिसली.

सतरंजीच्या मागे एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या. ठमी त्यांच्यावर चढत होती. बहुतेक तिला नीट दिसत नव्हतं. एक पाय खालच्या खुर्चीच्या हातावर, एक हवेत, आणि तिचा हात वरच्या खुर्चीच्या पाठीवर. खुर्च्यांची चळत हलली.

कुणाला दिसलं नव्हतं. बाईंची तिकडे पाठ होती, काडी घाम पुसत होती. मी थांबले असते तर संपलं असतं. नसते थांबले तर. मला हे विचार करायला वेळ होता असं मी म्हणणार नाही. पाय थांबले नाहीत, हे नंतर कळलं. राक्षसावर पडायची ती नजर मी ठमीवर टाकली. सगळीच्या सगळी. तिनं बघितलं. शनिवारी शाम्पूत उभी राहून जी बघत होती तशी नाही. ह्या वेळी तिला काय कळलं कोण जाणे, तिनं "परत कर" म्हटलं नाही. हवेतला पाय हळूच खाली टेकवला.

आणि काठीचा ताल बदलला. श्वास घ्यायची जागा येऊन गेली होती. माझा श्वास कुठेतरी खुर्च्यांपाशी अडकलेला. पाटी पुसायला वेळच नव्हता. मी तशीच वाकले, बाळ उचललं, आणि ठमी दुसरा पाय कुठे ठेवतेय तिकडेच बघत राहिले. हातात ते होतं आणि डोळे तिकडे. ती उतरली. सतरंजीवर बसली. मांडी घातली. मग कधीतरी पद संपलं.

मी धावत जाऊन तिला जवळ घ्यावं की बाईंच्या पाया पडावं हे न कळून तिथंच उभी राहिले. मला माहीत होतं की गेलं. इतक्या वर्षांत बाईंसमोर कुणी अशी चूक केली नसेल.

बाई काठी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुसलं नाहीस तू."

"नाही, बाई."

"चेहरा पहिल्या भागातला, हात दुसऱ्या भागातले. हे मी कुणाला शिकवलेलं नाही." मग त्या काडीकडे वळल्या आणि तिला म्हणाल्या, की तुझ्यात एकही चूक नव्हती. काडीचे डोळे चमकले. मी घुंगरू सोडायला खाली वाकले.

"तू कशाला सोडतेस?" बाई म्हणाल्या. "परत कर."

मी पुन्हा उभी राहिले. राक्षस मारला. श्वास घेतला नाही, मुद्दाम. राग तसाच ठेवून बाळ उचललं. बाईंनी काठी थांबवली. नाही, म्हणाल्या, हे नाही. मी आणखी एकदा केलं. हेही नाही. मी म्हटलं, बाई, मी काय केलं ते मला ठाऊक नाही. मी तर भलतीकडेच बघत होते.

"मलाही नीट कळलं नाही," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला आधारच सुटल्यासारखं झालं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. "पद तू करायचं. पण मला ते पाहिजे, मघाचं. ते सापडलं तरच. नाहीतर काडी करेल, आणि छान करेल. कार्यक्रमापर्यंत शोध."

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. काडी माझ्याशेजारी बसून घुंगरांचा दोर गुंडाळत होती. तिचं नाक लाल झालं होतं. मी तिला काही म्हणणार, एवढ्यात तीच म्हणाली, "मी पण येताना एखादं मूल आणायला हवं होतं, ताई." मग तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या पाठीवर हलकीशी थाप मारून ती जिना उतरून गेली.

तिचं काय चुकलं, हे मला सांगता आलं नसतं. माझं काय बरोबर आलं, तेही नाही. मला पद मिळालं होतं आणि मिळालंही नव्हतं. आनंद होत होता का? होत असावा. पण भीतीही होती. त्या खुर्च्या पडल्या असत्या तर. आणि मी नाचतच राहिले. कुठली बाई असं करते? आणि जी नाचत राहिली ती आणि जिचा जीव खुर्चीवर टांगलेला होता ती, त्या दोघींतली बाईंना कोणती हवी आहे? दोघी हव्या असतील तर त्यांना एकत्र कसं बोलवायचं? दर वेळी ठमीला खुर्चीवर चढवायचं का?

गॅरेजच्या दाराशी एक बाक आहे, तिथं मी ठमीला घेऊन बसले. घोट्यांवर दोरांचे वळ उठले होते. तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. मी तिला खुर्च्यांबद्दल रागवायचं ठरवलं होतं, पण मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. खोलीत बाई होत्या, काडी होती. मला पूर्ण वेळ, डोळ्याला डोळा लावून बघणारी ती एकटीच होती.

"ठमे," मी म्हटलं, "मी नाच केला ना. सांग बरं, काय काय केलं?"

"राक्षसाला मारलंस."

"मग?"

"मग माझ्यावर रागावलीस." आणि वर म्हणाली, "खरी."

"मग?"

"मग बाळ घेतलंस."

"बाळ घेतलं तेव्हा मी कशी होते? हसत होते?"

तिनं मान हलवली. नाही.

"रागावलेली होते?"

पुन्हा नाही. मी तिच्या तोंडाकडे असं बघत होते, जसं गिऱ्हाईक पहिल्यांदा चष्मा लावून बघतं. "मग कशी होते गं? करून दाखव ना."

ठमी बाकावरून उतरली. माझ्यासमोर उभी राहिली. तिनं आपले दोन्ही हात पुढे केले, वाकली, आणि काहीतरी उचलायला गेली, आणि मध्येच थांबली. हात तसेच पुढे ठेवून ती माझ्या हातांकडे बघायला लागली. माझ्या हातांत घुंगरू होते. तिनं माझ्या मांडीकडे बघितलं. मग पिशवीचं तोंड उघडून आत डोकावली. मग बाकाखाली. मग जिन्याकडे, वरच्या खोलीकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आई," ती म्हणाली, "ते बाळ तू कुठं ठेवलंस?"